डावा हात आणि बाचा अंगठा

१२ मे, सोमवार

बॉल उडदाच्या वरणात पडला!

नेम धरला होता कुडाला टांगलेल्या गोणपाटावर. बॉल गोणपाटाच्या दोन हात वरून गेला, दारातून आत, थेट चुलीवरच्या टोपात. मुद्दाम टाकला असता तर शंभर वर्षांत गेला नसता.

आईने पळीने बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "शिजला नाय अजून."

बॉलची तांबडी शिवण आता पिवळी. सरांना काय सांगू?

१३ मे

ही वही हेमंत सरांनी दिली. आमच्या आश्रमशाळेत खेळाचे सर. सुट्टीला घरी निघताना एक बॉल दिला आणि ही वही. "रोज पन्नास बॉल टाकायचे. किती नेमावर, किती बाहेर, एवढंच लिहायचं. बाकी काही नको."

बाकीच जास्त आहे. म्हणून बाकी लिहिते. सरांना शेवटची दोन पानं फाडून देईन.

आज पन्नासात नऊ.

१५ मे

बेसबॉलमध्ये मी कशी आले ते लिहून ठेवते, नाहीतर मोठेपणी कोणाला खरं वाटणार नाही. साबणामुळे आले. माझी मैत्रीण जयश्री वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर गॅलरीत, मी खाली नळावर. ती ओरडली, "प्रमिला, साबण!" मी टाकला. डाव्या हाताने, मला उजव्याने काही जमतच नाही. मध्येच सर जिना चढत होते. साबण त्यांच्या कानाजवळून सूं करून गेला आणि जयश्रीच्या हातात.

मला वाटलं, आता उठाबशा. सर खाली आले. "परत टाक."

सहा वेळा टाकला. सहाही वेळा जयश्रीच्या हातात. साबणाची वडी झिजून बोराएवढी झाली. त्या दिवसापासून मी पिचर, जयश्री कॅचर. पिचर म्हणजे बॉल फेकणारी, कॅचर म्हणजे फळीमागे बसून पकडणारी. समोरच्या बॅटवालीला चुकवायचं, बस. सर म्हणाले, "डावखुरी पिचर कोणाच्या सवयीची नसते."

शाळेत ग्लोव्ह नऊ. नऊच्या नऊ डाव्या हातात घालायचे! माझा डावा तर फेकायला लागतो. मी उजव्या हातात उलटा घालते, करंगळीच्या घरात अंगठा. दिसायला खेकडा.

१९ मे

गोणपाट बॉल परत देत नाही. प्रत्येक बॉलमागे उतारावरून खाली धावायचं. पन्नास बॉल म्हणजे पन्नास वेळा डोंगर!

बा पडवीत टोपलं विणत बसला होता. माझं वीस वेळा वर-खाली झाल्यावर त्याने टोपलं खाली ठेवलं. गोणपाट काढून घडी घालून हाताला गुंडाळलं, आणि जाऊन उकिडवा बसला.

मी म्हटलं, "बा, लागेल."

"टाक."

टाकला. फट्! बाने पाहिलं. गोणपाटात पाहिलं, मग माझ्याकडे. मग एकदम हसला. त्याचे पुढचे दोन दात नाहीत, ते हसताना जास्तच नाहीत.

"अजून टाक."

२४ मे, शनिवार

बा तासभर उकिडवा बसतो. सर पाच मिनिटं बसले की त्यांचे गुडघे वाजतात. बाला भातशेतीची सवय. जयश्रीसुद्धा मधूनमधून उठते. बा विडीलाही उठत नाही.

त्याला सगळे नियम शिकवले. नेमावरचा बॉल बॅटवालीला लागला नाही की स्ट्राईक. तीन स्ट्राईक, बॅटवाली घरी. चार बॉल बाहेर, बॅटवाली फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर. बाने दुसरा नियम तीनदा विचारला. "न मारता? फुकट? मंग ती मारेल कशाला?"

त्याने लाकडाची होमप्लेटही बनवली, कॅचरपुढची फळी. पाच कोपऱ्यांची. सरांनी काढून दिलेलं चित्र समोर धरून म्हणाला, "हे तर घर हाय. कौलं खाली झाली."

आज पन्नासात एकवीस.

८ जून

बा ओरडतो, "टाईक!" स्ट्राईक म्हणता येत नाही. आवाज इतका की कोंबड्या पडवीतून उडतात. शेजारची काळीकाकी विचारायला आली, घरात कोणाला लागलं का.

बाने बॉलना नावं ठेवली. सरळ जोरात जातो तो "यष्टी". वळतो तो "घाट". मला वळवता येतो हे मला माहीतच नव्हतं. बोटं शिवणीवर आडवी राहिली, मनगट फिरलं, बॉल बाच्या पोटाकडे निघाला आणि शेवटी गुडघ्याकडे वळला. बा बसल्या बसल्या मागे पडला.

"आता हा कुठं वळला?"

"मला काय माहीत!"

"परत टाक. मोखाड्याचा घाट असाच वळतो."

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. बा एसटीपर्यंत आला. खिडकीतून बघितलं तर रस्त्याच्या कडेला उभा राहून मोकळ्या हाताने घाट टाकून दाखवत होता. कंडक्टरने विचारलं, "त्यांचा हात दुखतो काय?"

२८ जून

सरांनी पानं वाचली. पन्नासात चौतीस. खोटं वाटलं, म्हणून समोर टाकायला लावलं. छत्तीस!

 सरांनी शिट्टी खिशातून काढून परत खिशात ठेवली. जयश्री म्हणते, सर खूश झाले की असं करतात.

आता जयश्री मला बोटांनी खुणा करते. एक बोट यष्टी, दोन बोटं घाट. नवव्या वर्गातली पुष्पा उजव्या हाताची पिचर आहे, तिला या खुणा कळल्या तेव्हा ती म्हणाली, "आणि तीन बोटं काय, टमटम?"

१३ जुलै, रविवार

आज लिहायचं नव्हतं. लिहिते.

दोन दिवसांसाठी घरी आले. उद्यापासून आमची आवणी, भाताची रोपं लावायची. पाऊस दुपारी थांबला. बाने स्वतःच गोणपाट उचललं. "महिना होत आला. टाक."

बॉल ओला होता. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "ठाण्याच्या स्पर्धेत काय ऊन बघून खेळवतात?" आम्ही हसलो.

अकरावा बॉल. मी घाट टाकला. ओला बॉल बोटांतून निसटला, वळलाच नाही. बॉल वळेल म्हणून बा हात खाली घेऊन बसला होता. उजव्या हाताला गोणपाट नसतं.

आवाज वेगळा आला. फट् नाही.

बा ओरडला नाही. अंगठा दुसऱ्या हातात धरून बसून राहिला. मग म्हणाला, "हा बाहेर होता. टाईक नाय."

१४ जुलै

अंगठ्याचं हाड मोडलंय. मोखाड्याला सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. सहा आठवडे. उजवा अंगठा, आणि आज आवणी.

परत येताना बा रस्त्याने पुढे चालत होता. अंगठा प्लास्टरमध्ये उभा. मागून जीप आली आणि थांबली! ड्रायव्हर म्हणाला, "हात केला ना तुम्ही?" बाने पाहिलं स्वतःच्या अंगठ्याकडे. "हा सहा आठवडे करणार हाय," म्हणाला. जीपमधले सगळे हसले. आईसुद्धा.

मी नाही हसले.

१७ जुलै

चार दिवस शाळा नाही. बाच्या जागी मी आवणीला. डाव्या हाताने लावते म्हणून माझी ओळ उलटीकडून येते, मध्येच काळीकाकीशी टक्कर. काकी म्हणाली, "तुझ्या बाची ओळ सुताने आखल्यासारखी असते." बा बांधावर उभा, अंगठा वर. लांबून वाटतं, सगळ्यांना शाबासकी देतोय.

कमरेचा काटा ढिला झाला. पण बरं वाटलं. काहीतरी भरपाई.

२२ जुलै

आज सरावात पहिला बॉल जयश्रीच्या तीन हात पुढे जमिनीवर. ओला हात असेल.

दुसरा पण.

२९ जुलै

पन्नासात चार. वरणात बॉल गेला तेव्हाही नऊ होते!

सरांनी पकड बदलली. मग पाय बदलला. मग म्हणाले, श्वास सोडताना टाक. मग म्हणाले, घेताना टाक. मग स्वतःच टाकून पाहिला आणि खांदा धरून बसले.

बॉल हातातून सुटायच्या वेळेला मला जयश्रीचा उजवा हात दिसतो. ग्लोव्हच्या मागे लपवलेला, तरी दिसतो. त्याला अंगठा आहे. मग माझी बोटं आपोआप बॉल दाबून धरतात आणि तो खाली जातो.

हे सरांना सांगितलं नाही. कोणालाच नाही.

५ ऑगस्ट

जयश्री रागावली. मास्क काढून माझ्याकडे चालत आली. "मी काय काचेची आहे? तू माझ्याकडे आजारी माणसाशी बोलतात तसा बॉल टाकतेस!"

मी म्हटलं, "हात दुखतो."

"कोणता?"

मी चुकून उजवा दाखवला.

१९ ऑगस्ट

पालघरला जिल्हा स्पर्धा. तीन संघ आले होते. त्यातला एक बॅट विसरला, आमच्या बॅटने आमच्याशीच खेळला. पुष्पाने पिचिंग केलं, आम्ही जिंकलो. मी लांब मैदानाच्या कोपऱ्यात उभी. माझ्याकडे दिवसभरात एक बॉल आणि एक शेळी आली.

दुसऱ्या सामन्यात सर म्हणाले, "प्रमिला, एक डाव टाक." चार बॉल बाहेर. परत चार. परत चार. तिघी फुकट बेसवर जाऊन बसल्या. सर आत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बॉल पुष्पाला दिला.

जिंकलोच. आता ठाण्याला विभागीय. परत येताना गाडीत सगळ्या गात होत्या. मी झोपेचं सोंग घेतलं. जयश्रीला माहीत होतं. तिने माझ्या डोक्यावर ओढणी टाकली.

२५ ऑगस्ट, सोमवार

सगळं लिहायचंय. हात दुखला तरी चालेल.

बाचं प्लास्टर जव्हारला काढलं. तिथून तो सरळ शाळेत. आम्ही सरावाला उभ्याच होतो. अंगठा बारीक झालाय, पांढरा, आणि थोडा बाहेरच्या बाजूला वळलेला. मी बघत होते तर म्हणाला, "कोयत्याच्या मुठीला आता जास्त बरा बसतो." खोटं बोलतो.

मग त्याने जयश्रीचा ग्लोव्ह मागितला. हातात घातला, मूठ मारली, नाकाला लावून वास घेतला. "चामडं! इतकं जाड!" सरांकडे पाहिलं. "आणि मी उन्हाळाभर गोणपाटात बसलो होतो." सरांना उन्हाळ्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी पानांत लिहिलं नव्हतं ना. सर एकदा बाच्या अंगठ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना तेव्हा कळलं असावं.

बा उकिडवा बसला. "टाक."

मी नाही टाकला. बॉल हातात गरम झाला. सगळा संघ बघतोय. शेवटी टाकला, जमिनीवर, बाच्या चार हात पुढे. दुसरा पण. तिसरा इतका हळू की बाने तो उचलायला जायचं की वाट बघायची हा विचार केला.

मला वाटलं, आता समजावेल. त्याने समजावलं नाही. उठला. दोन विटा आणल्या, त्यांना टेकवून ग्लोव्ह प्लेटमागे उभा केला. मग बाजूला दहा पावलांवर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला. खिशातून भाजलेले चणे काढले.

"तठं आता कोणी नाय. टाक."

"बा, तुला दिसणार नाही."

"ऐकू येतंय."

टाकला. विटेला लागला. "नाय," बा म्हणाला, चणे चावत. परत. "नाय." परत. ग्लोव्हमध्ये! "टाईक!" मागे न बघता! संघातल्या मुली हसायला लागल्या. नवव्यातली पुष्पा पैज लावायला लागली. सात, आठ, नऊ. विटेचा आवाज वेगळा, चामड्याचा वेगळा, जमिनीचा वेगळा. बा एकदाही चुकला नाही. सर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि तेही चणे खायला लागले.

मग बा म्हणाला, "जयश्रीबाय, बसा आता. विटा थकल्या."

जयश्री बसली. पण बा वळला नाही. मी जयश्रीकडे नाही, त्याच्या पाठीकडे बघितलं. खाकी शर्ट, मध्ये घामाचा डाग. त्याच्या पाठीला माझी अजिबात भीती वाटत नव्हती.

टाकला. यष्टी.

फट्!

"टाईक! ही जव्हारहून सुटली ती नाशिकलाच थांबली."

मी रडले. जयश्री ओरडली, "रडत रडत टाक, पण टाक!" टाकले. चाळीस टाकले. बा शेवटपर्यंत वळला नाही. जाताना म्हणाला, "एसटी चुकेल," आणि उरलेले चणे सरांना देऊन गेला.

१६ सप्टेंबर

ठाणे. विभागीय स्पर्धा. दुसऱ्या संघांना स्वतःची बस, स्वतःची पाण्याची पेटी, एका संघाला तर बर्फ. आम्हाला सर.

पहिला सामना मी टाकला. पाच डाव. नऊ जणी स्ट्राईकवर घरी! एका उंच मुलीने घाटावर इतक्या जोरात बॅट फिरवली की स्वतःच गोल फिरून खाली बसली. जयश्री तिला म्हणाली, "वळण आहे ताई, हॉर्न द्यायचा." अंपायरने जयश्रीला ताकीद दिली.

१७ सप्टेंबर

हरलो. एका धावेने. माझा खांदा दुपारी भरून आला म्हणून सरांनी पुष्पाला पिचिंग दिलं आणि मला पहिल्या बेसवर उभं केलं. विरुद्ध संघातल्या पुष्पलता नावाच्या मुलीने आपला ग्लोव्ह दिला. तीही डावखुरी! आयुष्यात पहिल्यांदा माझा अंगठा अंगठ्याच्या घरात गेला.

हरलो तरी निवडीला दोन नावं लागली. माझं आणि जयश्रीचं. पुढच्या महिन्यात पुण्याला राज्य संघाची चाचणी.

१० ऑक्टोबर

पुणे. ऐंशी मुली. पिचर सतरा. त्यातल्या चार डावखुऱ्या. मला वाटायचं, जगात मी आणि पुष्पलताच.

माझे बॉल चांगले पडले. खरंच चांगले. पण त्यातली एक सांगलीची पोर टाकत होती तेव्हा मी माझी पाळी विसरून बघतच बसले. तिचा बॉल दिसायच्या आधी ऐकू यायचा.

निवड समितीतल्या मॅडमनी नंतर सगळ्यांना आलटून पालटून सगळीकडे उभं केलं. एक बॉल कुठूनही, कसाही येत होता. जयश्री म्हणाली, "आपली भाजी निवडतायत."

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीला घरी. दुपारी सरांच्या फोनवरून यादी आली, आईच्या मोबाईलवर. नेटवर्क आमच्याकडे फक्त बांधावर. मी, बा, आई, काळीकाकी, सगळे बांधावर.

जयश्री नाही.

माझं नाव आहे. नावापुढे "१बी".

मला वाटलं पहिली ब. दहावीतून परत पहिलीत घातलं की काय! सरांना फोन केला. ते म्हणाले, "फर्स्ट बेस. पहिल्या बेसवर उभी राहणार तू. पिचर त्यांना पुरेशा आहेत."

"म्हणजे मी टाकणार नाही?"

"सगळ्या जणी तुझ्याकडे टाकणार. तू पकडायचं. मॅडम म्हणाल्या, हिच्याकडे येतो तो बॉल पडत नाही. डावखुऱ्यांना ती जागा फार सोयीची." मग म्हणाले, "तुला डावखुऱ्याचा ग्लोव्ह मिळवलाय. जीपवाल्याकडे दिला."

मी थँक्यू म्हटलं. फोन ठेवला. जयश्रीला लावला. ती रडत होती आणि हसत होती. म्हणाली, "कॅचर झालीस शेवटी! माझी जागा बरी होती, नाही का?"

मग मी भाताच्या कापलेल्या पेंढ्यांमागे जाऊन बसले. पाच महिने. किती हजार बॉल. राज्याच्या संघात नाव आलं आणि मला आनंद होत नाही, हे कोणाला सांगू? काळीकाकी तर पेढे मागते.

बा आला. शेजारी बसला. अर्ध्या तासाने म्हणाला, "ग्लोव्ह आणायला जायचं का जीपवर?"

१९ ऑक्टोबर

सकाळी बा अंगणाच्या त्या टोकाला जाऊन उभा राहिला, जिथे मी उभी राहते. हातात बॉल. "आज मी टाकतो. तू पकड."

पहिला माझ्या डोक्यावरून गेला. दुसरा कोंबड्यांत. तिसरा आला, सरळ, मी हात पुढे केला.

फट्!

नवा ग्लोव्ह, जाड चामडं, तरी तळहातातून कोपरापर्यंत झिणझिण्या. डोळ्यांत पाणी. मी ग्लोव्ह काढून हात बघितला. लाल.

"बा, तुला असंच लागायचं?"

तो खाली वाकून माती हाताला चोळत होता. म्हणाला, "अजून टाकू का?"